व्हीनसच्या मानेवरचा तीळ

१

व्हीनसच्या मानेवर तीळ आहे हे सगळ्यात आधी तुर्पिलियसला दिसलं, आणि तेही पोटात बरीच दारू गेल्यावर.

जेवणं आटोपत आली होती. अंजिरं आणि मध पुढे आला, तसा गायस वेरातियस उठला आणि त्यानं पाहुण्यांना एकेक कोराकरकरीत चांदीचा दिनार वाटला. रोमची चांदी पाडण्याचं काम दरवर्षी तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. यंदा त्यांत गायस होता आणि तुर्पिलियसही होता. गायसच्या नाण्यावर व्हीनस देवी होती. तुर्पिलियसच्या नाण्यावर सॅटर्नदेव होता, आणि हा देव दाढदुखीनं बेजार झालेला दिसतो असं सगळा बाजार म्हणत होता. तेव्हापासून तुर्पिलियस धुमसत होता. त्यानं गायसचं नाणं दिव्याजवळ धरलं, डोळे बारीक केले आणि खो खो हसला.

"अरे गायस, तुझ्या देवीला तीळ आहे की रे! हा बघ, मानेच्या मुळाशी. देवांच्या अंगावर कधीपासून तीळ यायला लागले? खरं सांग, कुठल्या बाईला बसवलंस चांदीवर?"

पाहुणे हसले. खरं तर हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. रोमच्या चांदीवर देव असायचे, देवी असायच्या, फार तर मेलेले पूर्वज. जिवंत माणसाची खूण तिथं उमटणं म्हणजे देवांचा अपमान. पण दारूच्या भरात एवढा विचार कोण करतो! गायसनंही हसत हसत नाणं हातात घेतलं. पाहिलं. त्याचं हसू मावळलं, आणि नाण्यावरून उचललेली नजर थेट बायकोवर गेली.

कास्पेरियाच्या मानेच्या मुळाशी तसाच तीळ होता. वस्त्राच्या घडीखाली, सोन्याच्या काट्याआड. बाहेरच्या कुणाला तो दिसायचं कारण नव्हतं. तो माहीत होता नवऱ्याला आणि घरातल्या बायकांना.

पाहुणे जाईपर्यंत गायसनं कसाबसा दम धरला. मग त्यानं नाणं बायकोसमोर आपटलं.

"त्या कोरणाऱ्या निकांदरनं हा कधी पाहिला?"

"मला काय विचारता?" कास्पेरिया म्हणाली. "मी त्याचं तोंडसुद्धा नीट पाहिलेलं नाही."

"त्यानं मात्र तुझं बरंच काही पाहिलेलं दिसतंय. उद्या दुपारी मामा आणि काका येतील. त्यांच्यासमोर काय ते मोकळं करू. तोवर बापाकडे जायची तयारी ठेव."

"आणि पिल्लू?"

"पिल्लू माझं आहे."

काडीमोड झाला की पोर बापाचं, हे रोममध्ये कुणाला सांगावं लागत नाही. इतका वेळ भांडणारी कास्पेरिया वळली आणि आतल्या खोलीत पिल्लूकडे धावली.

दाराशी उभ्या असलेल्या अल्फेनाबाईंनी, म्हणजे गायसच्या आईनं, हे सगळं ऐकलं. खोटं कशाला सांगा, त्यांना आनंद झाला. ही पोरगी घरात आल्यापासून त्यांचा जीव जळत होता. आधी गायस घरी आला की पहिल्यांदा आईला हाक मारायचा. आता आईला बातम्या कळायच्या त्या नोकरांकडून. आणि नातू? चांगली धष्टपुष्ट दाई बघून ठेवली होती, तर बाईसाहेब स्वतःच पाजणार म्हणून हटून बसल्या. आजीच्या हाती पोर यायचं ते झोपलेलं.

आता सगळं मनासारखं होणार होतं. फक्त सुनेचा बाप वकिली डोक्याचा होता. उद्या त्यानं पुरावा मागितला तर? त्याला तोंड उघडायला जागा राहायला नको, म्हणून सकाळी उठल्या उठल्या अल्फेनाबाई पुरावा गोळा करायला स्वतः निघाल्या.

२

जूनो देवीच्या देवळाला लागून टांकसाळ होती. हातोड्यांच्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नव्हतं. निकांदर एका कोपऱ्यात उजेडाकडे तोंड करून ठसा कोरत बसला होता. ग्रीक माणूस, गुलामीतून सुटलेला, दिसायला बरा आणि बोलायला त्याहून बरा.

"तीळ?" तो कपाळावर आठ्या घालत म्हणाला. "माझ्या व्हीनसला? बाईसाहेब, मी देवीच्या अंगावर घामोळंसुद्धा येऊ देत नाही!"

अल्फेनाबाईंनी दिनार त्याच्यासमोर धरला. निकांदरनं तो पाहिला आणि ग्रीक भाषेत असं काही बोलला, की ते कळलं नाही हेच बरं झालं. मग उठून त्यानं फळीवरून वाळक्या मातीची एक चकती काढली.

"ठसा पुरा झाला की मी तो मातीत दाबून ठेवतो. ही बघा तुमची व्हीनस. मान साफ आहे."

"हे तू आज पहाटे केलं असशील. गायसनं निरोप पाठवला असेल ना, की खैर नाही म्हणून."

"पाठवला होता. मी रात्रभर झोपलो नाही," निकांदर सरळ म्हणाला. "पण ही चकती हाताळून बघा. पार वाळून तडकलीय, वर कोळ्यानं जाळं केलंय. कोळी काही माझा नोकर नाही."

अल्फेनाबाईंनी बोट लावून पाहिलं. जाळं खरं होतं. त्यांना ते आवडलं नाही.

निकांदरनं मग ठसाच आणला. काशाचा जाडजूड ठोकळा, आणि त्याच्या तोंडावर खोल कोरलेली व्हीनस. मानेशी एक खड्डा होता.

"हा काठ बघा. कसा फाटलाय! कोरणीनं केलेलं काम असं दिसत नाही. कुणीतरी टोकदार लोखंड टेकवलं आणि वरून हाणलं. हे ज्यानं केलं त्यानं जन्मात कधी ठसा हातात धरलेला नाही."

"तुझ्या हातून तो कुणाकडे गेला?"

"गायससाहेबांकडे. मातुतामातेच्या सणाला तुमच्या घरच्या देवांसमोर ठेवायचा होता. तुमचीच इच्छा होती म्हणे."

होती खरी. मुलाचं पहिलं नाणं पडायच्या आधी ठशाला घरच्या देवांचा आशीर्वाद मिळावा, म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता.

"सण उलटल्यावर सकाळी ते घेऊन आले आणि तसाच हातोडेवाल्यांच्या हवाली केला. माझ्या नजरेला पडला असता तर मी तिथंच थांबवलं नसतं का?" निकांदरनं ठसा फडक्यात गुंडाळला. "बाईसाहेब, टांकसाळीतल्या कुणाला तुमच्या सुनेचा तीळ माहीत नाही. मला तर तिला तीळ आहे हेच काल कळलं. ज्याला माहीत होतं, त्यानं केलं. आणि ठसा त्या दिवशी तुमच्याच घरी होता."

३

अल्फेनाबाई परतल्या त्या चडफडत. पुरावा आणायला गेल्या आणि संशय घरात घेऊन आल्या.

पण घरची कामं कुणासाठी थांबत नाहीत. दुपारच्या पाहुण्यांसाठी त्यांनी कोठीतून दारूचा घडा काढला, आणि नेहमीच्या सवयीनं कोठीच्या दारावर मेण लावून त्यात बोटातली अंगठी दाबली. अंगठीवर एक बगळा होता. कितीतरी वर्षं त्या रोज हे करत होत्या, पण आज त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगठीतला बगळा डावीकडे बघत होता. मेणातला उजवीकडे.

त्यांनी कमरेचा दिनार काढून उजेडात धरला. नाण्यावरची व्हीनस उजवीकडे बघत होती. म्हणजे तिच्या मानेची उजवी बाजू दिसत होती, आणि तीळ उजव्या बाजूला होता. निकांदरनं दाखवलेल्या ठशावर मात्र ती डावीकडे बघत होती, आणि खड्डा तिच्या मानेच्या डाव्या बाजूला होता.

अल्फेनाबाई मुलाकडे गेल्या. गायस तोंड सुजवून बसला होता.

"तुझ्या बायकोचा तीळ कुठल्या बाजूला आहे रे?"

"म्हणजे काय? हा इथं." त्यानं स्वतःच्या मानेला उजवीकडे हात लावला. थांबला. मग डावीकडे लावला. "समोरून बघितलं तर... आई, याचा काय संबंध?"

"संसार मोडायला निघालास आणि बायकोचा तीळ धड सांगता येत नाही! बरं, सणाच्या दिवशी ठसा कुठं होता ते तरी सांग."

"तुम्ही सगळ्या देवळात निघून गेलात, मग मी तो पेटीतून काढून देवघरात ठेवला आणि कामाला गेलो. संध्याकाळी तुमच्या आधी घरी आलो आणि परत पेटीत बंद केला."

सून आतल्या खोलीत पिल्लूला पाजत होती. सासूला बघून तिनं पोर आणखी घट्ट धरलं.

"मान दाखव," अल्फेनाबाई म्हणाल्या.

"आता मान कशाला? जायचंय तर जाईनच की." पण तिनं खांद्यावरचा काटा काढला. तीळ डाव्या बाजूला होता. अल्फेनाबाईंना तो बघायची गरजच नव्हती. सुनेच्या अंगावरची एकेक खोट त्यांना पाठ होती. दुसरं काय काम होतं त्यांना इतके दिवस!

"नाण्यावर तो उजव्या बाजूला आहे," त्या म्हणाल्या.

"मग तो माझा नाहीच!"

"तुझाच आहे. ठशावर सगळं उलट असतं. कुणीतरी ठसा समोर घेतला, त्यावर देवीची डावी मान दिसली, आणि तुझा तीळ बरोब्बर डावीकडे ठोकला. नाण्यावर तो पलटणार हे त्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. निकांदरच्या हातून ही चूक होणार नाही, तो पोट भरतो त्यावर. गायसच्या हातूनही नाही. हे टांकसाळीबाहेरच्या माणसाचं काम आहे, आणि तुझी मान पाहिलेल्या माणसाचं."

"मग मीच केलं असेल," कास्पेरिया कडवटपणे म्हणाली. "मला तरी कुठं कळतं त्यातलं? चांदीवर मिरवायची हौस आली असेल मला."

"तू नाहीस. ठसा बाहेर होता तो फक्त सणाच्या दिवशी, आणि त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझा डोळा तुझ्यावरून हलला नव्हता."

"ते जाणवत होतं."

"तुझ्या हातून काहीतरी चुकावं म्हणून बघत होते."

"तेही जाणवत होतं." कास्पेरियानं डोळे पुसले. "सासूबाई, तुम्हाला तर बरं वाटायला हवं. मी चाललेय."

"काल वाटलं होतं बरं," अल्फेनाबाई म्हणाल्या आणि खोलीबाहेर पडल्या. सून गुन्हेगार निघावी म्हणून त्या सकाळपासून वणवण करत होत्या, आणि तिची सुटका करणारी साक्ष त्यांच्याच तोंडून निघाली होती. असा संताप त्यांना कधी आला नव्हता.

घरात तो तीळ आणखी कुणाला माहीत होता? वेणीफणी करणाऱ्या सिराला. पण मातुतामातेच्या सणाला एका दासीला देवळात नेतात आणि बायका तिला चापट्या मारून बाहेर काढतात. यंदा तो मान सिराच्या वाट्याला आला होता. सुजलेला गाल धरून ती दिवसभर देवळाच्या पायऱ्यांवर बसून होती. शंभर बायकांनी पाहिलं होतं.

उरली वेरातिया, अल्फेनाबाईंची थोरली मुलगी. नवऱ्यानं सोडल्यापासून ती माहेरीच होती. पण तीही देवळात होती. या सणाला बायका आपली पोरं घेऊन जात नाहीत, भावंडांची पोरं कडेवर घेऊन देवीपुढे उभ्या राहतात. कास्पेरियानं आपल्या बहिणीच्या मुली नेल्या होत्या आणि पिल्लू होता त्याच्या आत्याच्या, वेरातियाच्या कडेवर. अल्फेनाबाईंनी तिला देवळात शिरताना पाहिलं होतं. नंतर गर्दीत पाहिलं नव्हतं, कारण त्यांचे डोळे सुनेवर होते.

त्या दारवानाकडे गेल्या. म्हातारा फिलो उंबऱ्याशी बसून पेंगत होता.

"सणाच्या दिवशी मधे कुणी घरी आलं होतं का रे?"

"कुणी नाही, बाईसाहेब. म्हणजे परकं कुणी नाही. ताईसाहेब तेवढ्या आल्या होत्या पिल्लूला घेऊन. पोर रडत होतं. थोड्या वेळानं परत देवळात गेल्या."

"घरात काय करत होत्या?"

"देवघराकडून ठोकल्यासारखं ऐकू आलं, म्हणून मी हाक मारली. तर म्हणाल्या, काही नाही फिलो, पिल्लूसाठी अक्रोड फोडतेय." फिलो कौतुकानं हसला. "किती जीव लावतात बघा पोराला."

अल्फेनाबाई मागच्या अंगणाकडे वळल्या. पिल्लूला अजून एकही दात आला नव्हता.

४

वेरातिया मागच्या अंगणात मागावर बसली होती. काल डोकं दुखतंय म्हणून ती जेवायला आली नव्हती.

"डोकं कसं आहे?" अल्फेनाबाईंनी विचारलं.

"उतरलं आता."

"कालचा प्रकार कळला ना?"

"सिरानं सांगितला. वाईट झालं." वेरातियाचा धोटा थांबला नाही. "पण आई, आपल्यात बोलायचं तर बरंच झालं म्हण. तू रोज हेच मागत होतीस ना देवाकडे?"

"तू नाणं पाहिलंस?"

"नाही बाई. कशाला पाहू?"

"आणि ठसा?"

"ठसा मला कुठून दिसणार? मी तर दिवसभर देवळात होते."

अल्फेनाबाई शेजारच्या बाकावर टेकल्या. "मला काही पटत नाही. व्हीनस कुठं आणि आपली कास्पेरिया कुठं! नुसत्या तिळावरून का म्हणायचं ती आहे म्हणून?"

"नुसता तीळ कसा? डावीकडे तोंड केलंय, केस तसेच वर बांधलेत, आणि तीळ नेमका तिथंच. आंधळ्यालाही कळेल."

अल्फेनाबाईंनी मूठ उघडली आणि दिनार लेकीच्या मांडीवर ठेवला. वेरातियानं खाली पाहिलं. धोटा थांबला. तिनं नाणं उचललं, पलटून मागचा रथ पाहिला, पुन्हा पुढची बाजू वर केली.

"ही इकडे कशी बघतेय?" ती पुटपुटली. "आणि तीळ... तीळ तर मी—"

तिनं ओठ घट्ट मिटले, पण शब्द निघून गेला होता.

"ठशावरचं डावं नाण्यावर उजवं होतं," अल्फेनाबाई म्हणाल्या. "नाणं पाहिलेला प्रत्येक जण म्हणेल की देवी उजवीकडे बघतेय. डावीकडे बघताना ती फक्त ठशावर दिसते. अक्रोड कसे निघाले, वेरातिया? गोड होते का?"

वेरातियाला वाटलं असेल आई ओरडेल, मारेल. तसं काही झालं नाही. मग लेकच बोलायला लागली.

"देवळात सगळ्या बायका माझ्याभोवती जमल्या. म्हणाल्या, किती भाग्यवान आत्या, कसं गोंडस पोर आहे भावाचं. आणि तिकडे खांबाजवळ माझ्या मुली होत्या, आई. दोघीही. त्यांच्या आत्यानं आणल्या होत्या. मी मुद्दाम जवळून गेले. थोरलीनं मान फिरवली. धाकटीनं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलंच नाही मी कोण ते."

तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"मी पिल्लूला घेऊन घरी आले. देवघरात तो ठसा होता. व्हीनस अशी भरलेली, सुखी. मला कास्पेरियाच दिसली. रोज पाजताना बसते तशी. मी लिहायची लोखंडी काडी घेतली, खलातला बत्ता घेतला आणि ठोकलं. म्हटलं, एकदा तिलाही कळू दे. पोर ठेवून उंबरा ओलांडायचा म्हणजे काय, ते माझ्याशिवाय या घरात कुणाला माहीत आहे?"

"तिनं तुझं काय वाकडं केलं होतं?"

"तुझं काय केलं होतं?" वेरातियानं पहिल्यांदा आईच्या डोळ्यांत पाहिलं. "रोज रात्री माझ्याजवळ बसून बोलायचीस. ही आली आणि माझा मुलगा गेला. ही गेली तर घर परत आपलं होईल. हात माझा होता आई, पण बोलणं सगळं तुझं होतं."

लेकीनं अल्फेनाबाईंचा हात धरला.

"गप्प राहा. तुझ्याखेरीज कुणाला कळणार नाही. आज दुपारनंतर ती जाईल. गायस चार दिवस कुढेल, मग पुन्हा तुझ्याकडे येऊन बसेल. आणि पिल्लू आपल्या दोघींचं. आई, मला एक तरी पोर राहील."

किती सोपं होतं! काही करायचंसुद्धा नव्हतं, फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. अल्फेनाबाईंना ते हवं होतं. इतकं हवं होतं की त्यांनी लेकीचा हात झटकला नाही, उलट घट्ट धरला.

तेवढ्यात सिरा दारात आली. "बाईसाहेब, मामासाहेब आणि काकासाहेब आलेत. सगळे तुमची वाट बघताहेत."

५

दिवाणखान्यात मंडळी बसली होती. कास्पेरिया भिंतीशी उभी होती, डोक्यावरून वस्त्र घेऊन, निघायच्या तयारीत. पिल्लू अजून तिच्याच कडेवर होता. काकांनी दोनदा सांगूनही तिनं त्याला खाली ठेवलं नव्हतं. वेरातिया मागच्या खांबाला टेकून उभी राहिली.

गायस बोलायला उठला.

"बस खाली," अल्फेनाबाई म्हणाल्या. "सिरा, मेणाची पाटी आण."

त्यांनी मेणात अंगठी दाबली आणि पाटी मामांच्या हातात दिली. बगळा कसा फिरला ते दाखवलं. मग दिनार फिरवला, कास्पेरियाला मान उघडी करायला लावली, आणि सणाच्या दिवशी ठसा घरात असताना सून देवळात आपल्या डोळ्यांसमोर होती हेही सांगितलं. मामा सत्तरीचे होते, पण बगळ्याची गंमत त्यांच्याही आयुष्यात पहिल्यांदाच लक्षात आली होती. त्यांनी स्वतःची अंगठीही दाबून पाहिली.

"म्हणजे निकांदर सुटला," काका म्हणाले. "सूनबाईही सुटली. पण ठसा घरातच बिघडवला असेल तर कुणी बिघडवला?"

अल्फेनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ती पोराच्या डोक्यावर गाल टेकून उभी होती, आणि गायस आताच, सगळ्यांदेखत, अपराध्यासारखा तिच्याकडे बघायला लागला होता. ते बघून अल्फेनाबाईंच्या काळजात कळ उठली. अजून वेळ होती. सिरावर ढकलता आलं असतं, बाजारातल्या कुणावर ढकलता आलं असतं. पण सिराला मामा-काकांनी चाबकाखाली घातलं असतं.

"वेरातियानं," त्या म्हणाल्या.

वेरातियानं नाकबूल केलं नाही. गायसनं तिच्याकडे, मग आईकडे पाहिलं. "ताई? ताईनं? का?"

"तिला विचारू नकोस. तिच्या मुली कुठं आहेत ते आठव, म्हणजे कळेल," अल्फेनाबाई म्हणाल्या. "आणि मलाही विचारू नकोस. मी रोज तिचे कान भरत होते."

कास्पेरियानं नणंदेला दोष दिला नाही की सासूचे आभार मानले नाहीत. ती फक्त भिंत सोडून पिल्लूला घेऊन खाली बसली.

बाप नसलेल्या घरात भाऊच कर्ता. मामा-काकांशी बोलून गायसनं ठरवलं की वेरातियानं डोंगरातल्या शेतावर राहायचं आणि रोमला यायचं नाही. ठसा निकांदरनं तीळ बुजवून नीट केला. वाटलेली नाणी गोळा करून वितळवली. तुर्पिलियसनं मात्र त्याचं नाणं दिलं नाही, हरवलं म्हणाला.

निघायच्या दिवशी दारात खेचरांची गाडी उभी होती. वेरातिया आत बसली होती. अल्फेनाबाई बाहेर आल्या त्या प्रवासाचा झगा घालून, आणि मागे सिरा त्यांची पेटी घेऊन.

"आई, हे काय?" गायस म्हणाला. "तुला कुणी जायला सांगितलं? तुझं घर आहे हे."

"माहीत आहे कुणाचं आहे ते."

कास्पेरिया पुढे आली आणि तिनं पिल्लूला त्यांच्या हातात दिलं. पिल्लू जागा होता. त्यानं आजीचं नाक धरलं. अल्फेनाबाईंनी त्याला पोटाशी धरलं, त्याच्या मानेचा वास घेतला आणि परत देऊन टाकला. गाडीशी पोचून त्यांनी वळून पाहिलं, तर गायस त्यांच्याकडे बघत नव्हता. तो बायकोच्या खांद्यावरचं वस्त्र सारखं करत होता. अल्फेनाबाईंचा जळफळाट झाला. चांगलं काम केलं म्हणून मत्सर जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा त्यांच्या जागी उभं राहून बघावं.

"तू कशाला येतेस?" वेरातियानं गाडीतून विचारलं. तिचं तोंड दुसरीकडे होतं. "सगळ्यांदेखत माझं नाव घेतलंस ना?"

"घेतलं."

"मग आता दया नको दाखवूस."

"दया कसली? पोर बापाचं, असं सगळे म्हणतात. तुझा बाप कधीच गेला. भावानं तुला बाहेर काढलं." अल्फेनाबाईंनी गाडीच्या कडेला धरून एक पाय वर टाकला. "तेव्हा आता तुझ्यावर हक्क सांगायला मी एकटीच उरलेय. माझं पोर ठेवून जा असं मला कुणी सांगितलेलं नाही. आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

वेरातियानं शेजारचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि आईला बसायला जागा करून दिली.